मागच्या भिंतीची थप्पी

१४ जानेवारी २०१३, संक्रांत

कुलूप उघडेना! किल्ली तीच — लांब दांड्याची, तात्यांच्या करदोड्याला असायची ती. शेवटी तात्यांच्या वेळचे हमाल उत्तरेश्वरमामा, त्यांनी दार खांद्याने आत रेटलं, तेव्हा कुठे फिरली. म्हणाले, "दाराला वळखीचा मानूस लागतो."

आणि तो वास. ताग, ज्वारी, उंदीर, जुनं तेल. इथे शेवटचं पाऊल टाकून छत्तीस वर्षं झाली. मी उंबऱ्यातच उभी.

आजपासून तीन महिने माझा प्रकल्प या गोदामात. गोदाम व्यवस्थापनाचा पदव्युत्तर अभ्यास, औरंगाबादला — सत्तेचाळीसाव्या वर्षी! एकवीस वर्षं बीडच्या दैनिकात काढली. माझं पान बंद झालं, मी शिल्लक राहिले. वर्गातल्या पोरांनी प्रकल्पासाठी चाकणची मोठमोठी गोदामं घेतली. मी आमच्या गावची सोसायटी घेतली. माझे वडील, तात्या, इथे गोदामपाल होते. तेलगावला खोली मिळाली आहे, तिथून जाऊन-येऊन करायचं.

मोठा काटा अजून त्याच कोपऱ्यात, गंजलेला. दर संक्रांतीला तिळगूळ हातावर ठेवून तात्या मला त्यावर उभं करायचे आणि वजन मोठ्याने सांगायचे. हमाल टाळ्या वाजवायचे. त्र्याहत्तरच्या संक्रांतीला मी आदल्या वर्षापेक्षा हलकी भरले. तात्यांनी काटा पुसला, पुन्हा तोललं. मग तिळगुळाचे आणखी दोन खडे दिले.

तो दुष्काळ होता. हाही आहे.

१९ जानेवारी

गावाला टँकर आला नाही. गोदाम मोजलं : साठ फूट बाय तीस. तेव्हा मला ते अख्खं गाव मावेल एवढं वाटायचं. उन्हाळ्यात सगळ्यात गार जागा हीच. दुपारी आम्ही पोरं थप्प्यांच्या मधल्या बोळात झोपायचो आणि हमालांची मोजणी ऐकत डोळा लागायचा. ‘एक’ कधीच म्हणायचे नाहीत — "लाभ... दोन... तीन..." मी शाळेतही एकाऐवजी लाभ म्हटलं आणि गुरुजींचा मार खाल्ला.

२ फेब्रुवारी

पहिले तीन आठवडे खत, पेंड आणि गुरांच्या छावणीच्या चाऱ्याच्या थप्प्या लावण्यात गेले. आधी आलं ते आधी बाहेर. भिंतीपासून दीड फूट लांब. खाली लाकडी फळ्या. प्रत्येक थप्पीला चिठ्ठी. सरांनी वर्गात सांगितलेलं सगळं. काम चांगलं चाललंय, स्वतःच्या तोंडाने म्हणते!

राहिली ती मागच्या भिंतीची थप्पी. तेवीस पोती, जुनी, ठिगळांची, भिंतीला थेट टेकलेली. कुठल्याच नोंदीत नाहीत. मामांना विचारलं.

"ती ऊसतोड्यांची."

कारखान्याला जाताना घरं बंद होतात, उंदीर माजतात. म्हणून दिवाळीत निघताना एकेक घर आपलं ज्वारीचं एकेक पोतं इथे आणून ठेवतं. बी-बियाणं तेच, आल्यावर चार दिवस खायला तेच. अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला परत येतात आणि घेऊन जातात. खासगी माल सोसायटीच्या नियमात बसत नाही. तात्यांनी बसवला. त्यांच्यानंतर कुणी उठवला नाही.

मला हे आठवलंच नव्हतं. पोत्यांवर चढल्याचं आठवतं, पोती कुणाची ते नाही.

८ फेब्रुवारी

त्या थप्पीत सोंडे किडे निघाले. एका पोत्यातून दुसऱ्यात, तिथून पेंडीत जायला वेळ लागणार नाही. मामांना म्हटलं, पोती सोडून चाळून घेऊ.

"त्या थप्पीला हात नगा लावू, सत्तूताई."

"कावून, मामा?"

"आपली न्हाई ती."

एवढंच. वर्तमानपत्रात असते तर दुसरा प्रश्न विचारला असता. विचारला नाही.

१६ फेब्रुवारी

सरांचं पत्र. २६ला पाहणीला येतायत. दहा दिवस! एकवीस वर्षांची सवय — तारीख दिसली की पाठ सरळ होते.

२५ फेब्रुवारी

झालं!

मामा दोन दिवस पाटोद्याला लेकीकडे गेलेत. तेलगावहून बंकट मुकादम सहा हमाल घेऊन आला. तेवीसच्या तेवीस पोती सोडली, अंगणात उन्हं दिली, चाळली. औषध टाकू दिलं नाही — बी आहे. आतली राख, कडुलिंबाचा वाळला पाला, बिबे, सगळं निघालं. घराघराची निराळी तऱ्हा! एका पोत्यात तर लाल मिरच्या. नव्या कोऱ्या पोत्यांत भरलं, मशीनने शिवलं, आकडे टाकले, एक ते तेवीस. एका पोत्याचा दाणा दुसऱ्याला लागू दिला नाही, तिथे मी स्वतः उभी होते. जुना बारदाना सोंड्यांसकट मागे जाळला.

चार वाजता संपलं. पान वेळेत छपाईला गेल्यावर वाटायचं तसं वाटलं. कितीतरी दिवसांनी.

तात्यांनी पाहायला हवं होतं.

२६ फेब्रुवारी

सर आले, खूश झाले. मागच्या थप्पीचे फोटो काढले. "मॅडम, हे पुढच्या वर्षी वर्गात दाखवणार." चहाला थांबले. वर्गातली पोरं मला आत्या म्हणतात हे त्यांनाही माहीत आहे!

२७ फेब्रुवारी

मामा परत आले. आत गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. मी बघायला गेले तर नव्या थप्पीपुढे उकिडवे बसलेले.

"टाके कुटं गेले?"

मला कळेना. कसले टाके?

मग सांगितलं. थांबत थांबत, रागावून नाही — रागावले असते तर बरं झालं असतं. त्या पोत्यांची तोंडं गावातली म्हातारी साखराबाई शिवते. प्रत्येक घराचा टाका वेगळा. कुणाचे तीन सरळ एक आडवा, कुणाची दुहेरी वेणी, कुणाच्या डाव्या कानाला गाठ, कुणाच्या उजव्या. सासूचा टाका सुनेला जातो. घर वेगळं झालं की साखराबाई नवा टाका देते. वैशाखात येतात, थप्पीपुढे उभे राहतात, आपला टाका ओळखून पोतं खांद्यावर टाकतात. आजवर एक तंटा नाही.

"मामा, तात्यांनी कुठेतरी लिहून ठेवलं असेल ना?"

"लिवायला कावून पायजे? टाका हाय की."

मग जीभ चावली. "हुता," म्हणाले.

मी विचारलं, मला आधी का नाही सांगितलं? म्हणाले, "तुमी तात्यांची लेक. मला वाटलं, तुमाला ठावं आसंल."

२८ फेब्रुवारी

राख उकरून पाहिली. सुतळी जळून गेलेली.

३ मार्च

साखराबाईकडे गेलो. पंचाहत्तर तरी असेल. एका डोळ्यात फूल पडलंय. मला हातांनी चाचपलं. "दाभण बोटात घुसलं म्हून बोंबलली व्हतीस, तीच का गं तू?" तीच. सात वर्षांची होते. तिने दाभण काढलं, बोट स्वतःच्या तोंडात धरलं आणि दुसऱ्या हाताने पोतं शिवत राहिली.

तिला झालेलं सांगितलं.  मग म्हणाली, रिकामं पोतं आण.

ओट्यावर बसून तिने तेवीस टाके घातले. न बघता. "ह्यो रतनचा. ह्यो बायनाचा, तिच्या सासूपास्नं. ह्यो छबूचा — तिला मीच दिलता, लगीन होऊन आली तवा. म्हायेराहून ज्वारी घिऊन आली व्हती पदरात बांधून." एकही चुकला असं वाटलं नाही. मी वहीत काढून घेत होते, तिच्या हाताच्या मागे माझा हात पुरत नव्हता.

सगळे टाके मिळाले. पोती मात्र मुकीच.

निघताना म्हणाली, "तुझा बाप गोदामाला कुलूप लावायचा न्हाई दिवाळीत. रातच्याला कुनी आलं तर म्हून."

१० मार्च

उसाला पाणी नाही, कारखान्यांचे पट्टे पडतायत, गाळप बंद होतंय. ऊसतोड्यांच्या टोळ्या यंदा लवकर परतणार. मी अक्षय्य तृतीया धरून चालले होते, म्हणजे दोन महिने.

सरांना फोन केला. म्हणाले, सोपं आहे, सगळा माल एक करा आणि सारखा वाटा. ज्वारीच तर आहे.

ज्वारीच तर आहे! गेल्या हंगामात पेरलेलं उगवलं नाही. रानात काही नाही, घरात काही नाही. ज्याचं त्याचं बी आहे ते या तेवीस पोत्यांत. छबुबाईची पंधरा वर्षांची माहेरची ज्वारी यातल्या एकात आहे. कुठल्या, ते मला माहीत नाही.

१७ मार्च

आले. दोन ट्रॅक्टर, ट्रॉल्यांत संसार, कोंबड्या, कोयते, वरती माणसं.

मामा म्हणाले, आज गप राहू, उद्या सांगू. मी नाही ऐकलं. वर्तमानपत्रात चूक झाली की दुसऱ्याच दिवशी, त्याच पानावर दुरुस्ती द्यायची. ट्रॉलीजवळ उभी राहून सगळ्यांना सांगितलं. माझं नाव, कुणाची मुलगी, काय केलं.

कुणी ओरडलं नाही. एक उंच, सावळी बाई, डोक्यावर पाटा घेऊन उभी होती. ती तेवढी म्हणाली, "पानी न्हाई, काम न्हाई. पर बी हाय म्हून आलो, ताई." तीच छबुबाई.

१८ मार्च

सकाळी सात वाजता सगळे अंगणात. तेवीस पोती ओळीने मांडली. माझ्या मशीनच्या टाक्यांनी शिवलेली, एकसारखी, गोंडस. बघवेनात.

सुरुवातीला भांडणच. तीन घरांनी एकाच पोत्यावर हात ठेवला. एकाने दुसऱ्यावर कोयता काढला, नुसता दाखवायला. मग बायनाबाई पुढे आली. सत्तरीची, कंबरेत वाकलेली. टोळीबरोबर जाते ती कोपीवर, फडाजवळच्या झोपडीत, नातवंडं सांभाळायला. म्हणाली, "डोळ्यानं न्हाई कळायचं. दातानं कळतंय. सरका."

तिने प्रत्येक पोत्यातून चार दाणे घेतले, दाढेखाली धरले, फोडले, चघळले, थुंकले. मग पाणी पिऊन पुढचं पोतं.

"ही रतनची. मुरमाड रानातली, कटकन मोडती." रतनबाईने चावून पाहिलं, मान हलवली. मामांनी पोत्यावर साखराबाईच्या नमुन्यावरून रतनबाईचा टाका घातला. एक झालं.

छबुबाईचा नवरा शहादेव मध्येच तोंड घालायला गेला. मामा म्हणाले, "तंबाखू थुक आधी, बे! सगळीच तुला तुझी वाटंल."

"काकू, माझी कंची?" एकीने बायनाबाईला विचारलं. "तुझी गोड हाय, तू कडू हायस!" सगळे हसले. तिथून पुढे गाडी रुळावर आली. बायनाबाई सांगायची, ज्याचं असेल ते चावून बघायचं, मान हलवायचं, टाका पडायचा. काही पटकन. काहींना वेळ लागला, एक बाई डोळे मिटून इतका वेळ चावत राहिली की बायनाबाई म्हणाली, "पिठलं करायलीस का तोंडात?"

दुपारपर्यंत एकवीस पोती गेली. उरली दोन. बायनाबाईची स्वतःची आणि छबुबाईची. दाणा दिसायला बहिणी-बहिणी, मोत्यासारखा. बायनाबाईने दोन्ही चावले. पुन्हा चावले. मग डावीकडच्यावर हात ठेवला. "ही माझी."

छबुबाईने उजवीकडचे चार दाणे तोंडात टाकले. मी तिच्याकडेच बघत होते. तिने ते चावून गिळले.

"हीच माझी," म्हणाली. पोतं खांद्यावर घेतलं आणि निघाली.

तेवीसच्या तेवीस! मामा म्हणाले, "तात्या असते तर काटा वाजवला असता." (मोठी गाडी नीट उतरली की ते काट्यावर लोखंडी वजनाने तीन टोले द्यायचे. विसरलेच होते.) गेले आणि वाजवला. अंगणातली सगळी कुत्री भुंकायला लागली.

१२ एप्रिल

प्रकल्प सादर. मागच्या थप्पीचं सगळं लिहिलं : काय केलं, काय जाळलं, कसं निस्तरलं. तेवीस टाक्यांची चित्रं जोडली. सर म्हणाले, "हे प्रकरण काढलंत तर पहिला वर्ग नक्की. उगाच स्वतःच्या विरुद्ध कशाला लिहिता?"

काढलं नाही.

९ जून

पाऊस. छावण्या उठायला लागल्या. गोदामातला चारा संपत आला, बोळ मोकळे झाले. प्रकल्प संपला तरी मी येतेच; दुपारी अर्धा तास बोळात आडवी झाले. फरशी तशीच गार. कुणी मोजत नव्हतं, तरी ऐकू आलं.

२० जुलै

निकाल. दुसरा वर्ग. पोरांनी फोन करून "आत्या, पार्टी!" म्हणून ओरडा केला. सोसायटीचे अध्यक्ष मोहनराव यांचाही फोन — गोदामपालाची जागा चार वर्षं रिकामी आहे, येता का? पुण्याच्या एका कंपनीचंही पत्र होतं.

करदोडा नाही, पर्स आहे. किल्ली पर्समध्ये मावत नाही. पिशवी घेतली.

४ नोव्हेंबर, पाडवा

रब्बीची पेरणी करून टोळ्या चालल्या. गेले दोन दिवस पोती येतायत. सगळी भरलेली नाहीत, काहींत पायलीभरच उरलंय, पण तोंड शिवायचंच! साखराबाईला खुर्चीवर आणून बसवलं. ती बोटांनी तपासते, मी शिवते. चार वेळा उसवायला लावलं. "घाई कशाची हाय गं तुला?" म्हणाली. एकवीस वर्षं मला कुणी असं विचारलं नव्हतं.

छबुबाईचा टाका पहिल्या झटक्यात जमला. तिने बघितला, हसली, पोत्यावर थाप मारून गेली.

थप्पी भिंतीपासून दीड फूट लांब. तेवढं माझं.

११ जानेवारी २०१४

मामांबरोबर रानात हुरडा खायला. गेल्या वर्षी इथे नुसती भेगाळलेली जमीन होती. आज ज्वारी माणसापेक्षा उंच. तात्यांच्या खांद्यावर बसूनसुद्धा मला कणसं हाताला लागायची नाहीत, ती आठवण. आगटीचा धूर, तळव्यावर चोळलेलं गरम कणीस, तिखट चटणी. दोन कणसं जास्तच खाल्ली.

येताना छबुबाईच्या बांधावरून आलो. मामा चालता चालता थांबले.  मी विचारलं, काय झालं?

"छबूची ज्वारी ताठ मानेची. कनीस वर बघतंय." त्यांनी एक ताट वाकवून दाखवलं. सगळ्या वावरात कणसं मान टाकून उभी. "ही बायनाची हाय."

बायनाबाईच्या रानाकडे वळलो. तिथली सगळी आभाळाकडे बघत होती.

१२ जानेवारी

छबुबाईला फोन लावला. सांगलीकडे फडात आहे, मागे कोयत्यांचा आवाज. म्हटलं, तुमच्या वावरात बायनाबाईंची ज्वारी आहे, त्यांच्याकडे तुमची. अठरा मार्चला चुकलं.

हसली! "मला तवाच ठावं व्हतं, ताई. दाढंखाली धरला अन् कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"काकूनं एकवीस घरांचा निवाडा केलता. तिचंच चुकलं म्हनले असते तर समद्यांनी पोती पुन्यांदा सोडली असती. कुनी कुनाचं तोंड बगितलं नसतं." मुकादम हाक मारत होता. तिने घाईने विचारलं, "अन् ताई, तेवीस घरांत मी एकलीच गप बसले असं वाटतंय व्हय तुमाला?"